तारा उकळणारे घरमालक

आमचे घरमालक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गिटारच्या तारा उकळत. चर्चमधून आले की पांढरा सदरा खुंटीला लावायचे, सहाही तारा सोडवून एकेकीचं वेटोळं करायचे आणि भाताच्या टोपात पाणी ठेवून त्यात सोडायचे. देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माणसांची घरं. तिथे लोखंड टिकत नाही. कडीकोयंडे, सायकलची साखळी, छत्रीच्या काड्या, सगळं मीठ खाऊन टाकतं. नव्या तारा गोव्याहून मागवाव्या लागत, म्हणून जुन्याच उकळून, पुसून, उन्हात वाळवून पुन्हा चढवायच्या. उकळलेली तार चार दिवस नव्यासारखी वाजते आणि पाचव्या दिवशी आपलं वय सांगते, असं ते म्हणत.

त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मावशी म्हणत असे, त्या वेळी मुद्दाम टोपाजवळ येऊन उभ्या राहायच्या. "आज तारांची पेज," त्या मला सांगायच्या. "बाय, तुका वाडू वायच? लोणच्यावांगडा बरी लागता." आणि नवऱ्याकडे न बघता, "माजी हाडांय घाल त्याच टोपात. तीय गंजली आसत."

ते गेले त्याला आता दहा महिने होतील.

त्यांनी आयुष्यात एकच गाणं केलं. गाणं म्हणायचं, पण त्यात शब्द नाहीत, गळा नाही. विजेच्या गिटारवर वाजवलेलं, पाच मिनिटांच्या आतलं, रॉक जातीचं एक वादन. आज ते इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतं. ऐकणारे थोडे आहेत आणि ते चांगलं म्हणतात. पण ते याहून पुष्कळ चांगलं होतं. ते तसं राहिलं नाही याला कारण मी आहे, आणि एवढं एक वाक्य लिहायला मला हे दहा महिने लागले.

मी मालवणच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. घाटावरून इकडे आले तेव्हा पस्तिशी उलटलेली, बरोबर दोन बॅगा आणि चार खोकी पुस्तकं. एकट्या बाईला खोली देताना लोक फार चौकशा करतात. जेवण कसलं, येणारंजाणारं कोण, लग्न का नाही. या माणसाने एकही चौकशी केली नाही. घरामागच्या मांगरात नेलं, जिथे नारळ आणि जुनी जाळी ठेवलेली होती, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, आणि भिंतीवरची लाल गिटार काढून ते वाजवायला लागले. मी विजेची गिटार इतक्या जवळून कधी ऐकली नव्हती. आधी वाटलं, कुणीतरी फरशीवरून पत्रा ओढत नेतंय. मग त्या पत्र्यातून एक सूर निघाला, लांब, हलणारा, माणसाच्या छातीत मावणार नाही एवढ्या दमाचा.

पाच-सहा मिनिटांनी थांबून त्यांनी विचारलं, "खंय कंटाळलंस?"

आवडलं का, असं नाही विचारलं. मी म्हटलं, तीच ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा नाही, तिसऱ्यांदा आली तेव्हा. ते दारातल्या मावशींकडे वळले आणि म्हणाले, "खोली हिका दी."

भाड्याबरोबर एक अट होती. सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते. दर सोमवारी दुपारी साडेतीन वाजता मी त्या खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं.

ते बोटीवर वायरमन होते. अर्धं आयुष्य मालवाहू बोटींच्या पोटात विजेच्या तारा तपासण्यात गेलेलं. गिटार कुठल्याशा बंदरात एका खलाशाकडून घेतलेली. शिकवायला कुणी नव्हतं. केबिनमध्ये विलायती बँडच्या कॅसेटी लावायच्या आणि इंजिनाच्या घरघरीतून जेवढं ऐकू येईल तेवढं वाजवायचं. आवाज मोठा करणारी पेटी त्यांनी फणसाच्या लाकडाची केली होती, कारण मृदंगाचं खोड फणसाचं असतं. आवाज फाटका करायचं यंत्र बिस्किटांच्या डब्यात बसवलेलं, पायाने दाबायचं. तार छेडायची ती बँकेच्या मुदत संपलेल्या कार्डाच्या तुकड्याने. पेटी चालू केली की वाजवण्याआधी तिच्यातून विजेचं एक बारीक घूं यायचं, आणि त्या घूंला ते गिटार लावून घेत. "सगळ्या सिंधुदुर्गाची लाइट ह्याच सुरात आसा," ते म्हणायचे. "मगे मी कित्याक येगळो सूर लावू?"

आधी ते चर्चच्या गायकांबरोबर साथीला असत. एका फेस्ताच्या, चर्चच्या सणाच्या, दिवशी, गंभीर प्रार्थना चालू असताना, त्यांचा पाय चुकून बिस्किटांच्या डब्यावर पडला. पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठून उभी राहिली. तिला वाटलं, होडीचं इंजिन आत आलं. फादर समजूतदार होते. प्रार्थना संपल्यावर त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तू भायर वाजव. देवाक भायरसूनय आयकाक येता." ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि सांगताना हसत. पण त्यानंतर ते आत कधी वाजवायला गेले नाहीत.

गाणं कशावरून सुचलं हे त्यांनी मला सांगितलं नाही, नेऊन दाखवलं. एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, मोठा अर्धगोल टाकून परत येते, आणि जाळ्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या वाळूवर येतात, एकमेकींपासून खूप लांब. प्रत्येकीवर पंधरा-वीस माणसं. ती ओढत मागे मागे येतात, आणि जाळं जवळ येईल तशा त्या दोन टोळ्या वाळूवरून एकमेकींकडे सरकू लागतात. शेवटी एका जागी भेटतात, आणि जाळ्याचं पोट वाळूवर येतं. दोरीला हात लावील त्याला मासळीत वाटा, मग तो वाटेने जाणारा का असेना. त्यांचे वडील रापणीवर होते. स्वतः तेही बोटीवर जाईपर्यंत ही दोरी ओढत होते.

"आयक," ते म्हणाले. ऐकण्यासारखं तिथे काही नव्हतं. लाटांचा आवाज होता, आणि वाळूत रुतणाऱ्या टाचांचा.

त्यांनी त्या दोन दोऱ्यांच्या दोन ओळी केल्या होत्या. एक खालच्या जाड तारांवर, जड, पाय रोवून मागे येणारी. दुसरी वरच्या तारांवर, ताणलेली. सुरुवातीला दोघी इतक्या लांब की त्या एकाच गाण्यातल्या आहेत हे कळू नये. मग प्रत्येक फेरीला ही एक पाऊल सरकते, ती एक पाऊल सरकते. एकाच गिटारवर आधी ही, मग ती, असं वाजवायचं, पण ऐकणाऱ्याला दोन्ही एकदम चालल्यासारख्या वाटल्या पाहिजेत. गाण्याचं नाव 'दोन दोऱ्यो'. नाव पहिल्यापासून ठरलेलं होतं. ठरत नव्हता तो शेवट. दोघी किती फेऱ्यांनी भेटायच्या, कुठल्या सुरावर, आणि भेटल्यावर काय होतं.

त्याच सकाळी त्यांनी मला आणखी एक माणूस दाखवला. रापणीत एक जण दोरीला हात लावत नाही. तो मागे उंचवट्यावर उभा राहून पाणी बघतो. ओढणाऱ्यांच्या माना खाली असतात. मासा कुठे वळला, जाळं तिरकं झालं का, कुठली बाजू सैल सोडायची, हे त्यांना दिसत नाही. त्याने हात केला की त्याप्रमाणे करायचं. त्याला कुणी उलट विचारत नाही, कारण विचारायला मान वर करावी लागते, आणि मान वर केली की दोरी सुटते.

"ओडणाऱ्यान पाणी बगूचा नाय, आणि पाणी बगणाऱ्यान ओडूचा नाय," घरमालक म्हणाले. "मी ओडतंय. तू पाणी बग."

मला फार बरं वाटलं. इतकं मोठं काम मला तोवर कुणी दिलं नव्हतं. वाचनालयात मी दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं जागच्या जागी ठेवते.

आणि मी ते काम सुरुवातीला चांगलं केलं. मला संगीतातलं काही कळत नाही, हीच माझी पात्रता होती. माझं लक्ष कुठे सुटलं ते मी सांगायची, आणि ते तिथे जाऊन काहीतरी काढायचे. घालायचे क्वचितच, काढायचे जास्त. एकदा मी त्या चालीवर शब्द लिहून नेले. रात्रभर जागून नव्हे, चार दिवस दुपारी बसून, नीट लिहिले होते. त्यांनी मला दोनदा वाचायला लावले. "बरा आसा," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "वाचूक बरा आसा." पुढच्या सोमवारी आपणहून समजूत घातली. शब्द घातले की लोक शब्दच ऐकतात, मग दोरी कोण ऐकणार?

आणखी एक त्यांचा नियम होता. गाणं पुरं होईपर्यंत ते मोबाइलवर घ्यायचं नाही. मी एकदा फोन मांडीवर उताणा ठेवला तर त्यांनी वाजवणं थांबवलं आणि विचारलं, अर्धी होडी कोण पाण्यात घालतं काय. कागदावरही काही लिहून ठेवत नसत. एखादी जागा बदलली की नवी जागा चाळीस-पन्नास वेळा वाजवून जुनी बोटांतून घालवून टाकायचे. "बोटांक दोन वाटो ठावक आसल्यो काय बोटां चुकतत." हे मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

त्या काळात देवबागेत घरोघरी पाहुणे ठेवू लागले होते. मागच्या खोल्यांना फरशा लागल्या, बाहेर पाट्या लागल्या. मावशींच्या शेजारणीने तीन खोल्या बांधल्या आणि वर एसी बसवला. मावशींना वाईट वाटणं बरोबरच होतं. "सगळ्यांच्या खोलयेत पावणे ऱ्हवतत," त्या विहिरीवर म्हणाल्या, मी ऐकतेय हे ठाऊक असून. "आमच्या खोलयेत पुस्तकां ऱ्हवतत." त्यावर घरमालक मांगराच्या दारातून म्हणाले की गाणं पुरं होईपर्यंत ही कुठे जाणार नाही. पुरं झालं की मग आण तुझे पाहुणे.

मी घागर उचलून आत आले. त्या दिवसापासून मला गाण्याची भीती वाटू लागली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरचा एक सोमवार. सकाळी टेम्पोतून दोन नव्या गाद्या आल्या होत्या आणि मावशींनी त्या प्लास्टिकसकट माझ्या खोलीबाहेर पडवीत उभ्या करून ठेवल्या होत्या. साडेतीनला मी खुर्चीत बसले. घरमालकांनी घूंला गिटार लावली आणि सुरुवात केली. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की आज मी कुठे कंटाळले ते शोधत नाहीये. दोन्ही ओळी सरकत सरकत जवळ आल्या. आता एका सुरावर भेटणार असं वाटलं, आणि तिथे त्यांनी जागा सोडली. दोरी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायला लागेल तेवढी. आणि मग जो सूर आला तो मोठा नव्हता. लहान होता, जरा बाजूला पडलेला, आणि दोन्ही ओळी त्यात होत्या. माझ्या हातांवर काटा आला. मांगरात नारळांवर ऊन पडलं होतं, दारात मावशी नारळ सोलत होत्या आणि पेटीचं घूं चालू होतं. ते मान वर करून माझ्याकडे बघत होते.

"झाला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "शेवट अजून जमला नाही. थोडा घाईत वाटतो."

"बरा," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर शंकेची एकही रेघ उमटली नाही. त्यांनी मान खाली घातली आणि त्याच क्षणी तो शेवट मोडायला घेतला.

मी स्वतःला समजावलं होतं की एक-दोन महिन्यांत सांगू. तोवर दुसरी खोली बघू. पण खोली मी बघितली नाही. सोमवार येत राहिले. मावशी मांगराच्या दारात नारळ सोलत बसायच्या आणि मधूनच त्यांना टोमणा मारायच्या. वाजवून झाल्यावर आम्ही तिघं काळा चहा प्यायचो. मला खोलीही हवी होती आणि तो चहाही हवा होता. खोटं एकदाच बोलावं लागतं असं नाही, हे मला मग कळलं. त्यांनी नवा शेवट केला की मला त्याच्यात काही ना काही सांगावंच लागे. कधी खरंच उणं असायचं, कारण चांगलं ते आधीच गेलेलं होतं. कधी मी नुसतंच सांगायची. आणि ते दर वेळी मान खाली घालून मोडायला बसायचे. चाळीस वेळा, पन्नास वेळा. मी माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली असे आणि भिंतीपलीकडून जुनं पुसलं जाताना ऐकत असे.

अशी चार वर्षं गेली. त्यांना साखरेचा आजार होता, आणि डाव्या हाताची मधली दोन बोटं आखडू लागली. सकाळी मूठ मिटली की ती उघडेनात. रविवारी टोपातून तारा काढून घेतल्या की उरलेल्या कोमट पाण्यात ते बोटं बुडवून बसत. मावशी त्या दिवसांत पेजेचा विनोद करत नसत. एका सोमवारी खालच्या तारांवरची जड ओळ मध्येच तुटली. त्यांनी बोटांकडे बघितलं आणि मला म्हणाले, आता पाणी बघत बसायला वेळ नाही, आहे तसं ओढून घेऊया. मी हो म्हटलं. ते मी केव्हाच म्हणायला हवं होतं.

कुडाळला भजनं आणि दशावतारी नाटकं ध्वनिमुद्रित करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे दिवस ठरवला. घरमालकांना ड्रम नको होता. ताल म्हणून त्यांना वाळूत पडणारी टाच हवी होती, आणि कुडाळच्या वाळूवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून एसटीतून देवबागच्या वाळूचं एक पोतं न्यायचं ठरलं. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "समुद्र कित्याक ठेवलंस? तोय घी." कंडक्टरने पोत्यात काय आहे विचारलं. वाळू, म्हटल्यावर त्याने आमच्या दोघांकडे बघितलं आणि पुढे गेला.

ध्वनिमुद्रणवाल्यांनी आधी विचारलं, बुवा कधी येणार? गाणारे बुवा नाहीत, असं कळल्यावर त्यांनी विचारलं, मग गाणं कुठे आहे? घरमालकांनी पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हयसर आसा." मग बूट काढून पोत्यावर टाच आपटून दाखवली. त्या गृहस्थांनी मात्र काम मन लावून केलं. अकरा वेळा वाजवावं लागलं. बोटं अडकायची, घरमालक हात झटकायचे, पुन्हा सुरू करायचे. शेवटाजवळ आले की वेग आपोआप कमी व्हायचा, आणि दोन्ही ओळी एका मोठ्या सुरावर येऊन थांबायच्या. आता जे आहे ते असं आहे. अकराव्या वेळी त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून झालं म्हटलं. ते खोटं नव्हतं. त्या बोटांनी त्याहून जास्त होणार नव्हतं.

गाणं इंटरनेटवर चढवायचं तर एक फॉर्म भरावा लागतो. त्यात गाण्याची भाषा विचारलेली होती. ध्वनिमुद्रणवाले म्हणाले, शब्दच नाहीत तर भाषा कसली, रिकामं सोडू. "मालवणी लिव," घरमालक म्हणाले. मग संगीतकाराचं नाव. त्यांनी स्वतःचं सांगितलं आणि पाठोपाठ माझं. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. ते माझ्याकडे न बघता त्या गृहस्थांना म्हणाले, "सहा वर्सां हात लावन आसा ती. वाटो नको?"

माझं नाव लिहिलं गेलं.

मला ते सोसलं नाही. कुडाळच्या एसटी स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो, गिटार त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी. मी सांगितलं. दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, एका सोमवारी ते झालं होतं. पूर्ण झालं होतं. मी खोटं बोलले.

समोरून दोन गाड्या लागून सुटल्या. मग त्यांनी विचारलं, "खोलयेसाठी?"

मी म्हटलं, खोलीसाठी, आणि सोमवारसाठी.

"तुका काय वाटला, मी तुका भायर काडतलंय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "ता मी तुज्या मावशीक गप करूक सांगलेला. गाणा झाला आसता तर दुसरा कायतरी सांगलंय आसतंय."

मी म्हटलं, फोन करून माझं नाव काढायला सांगा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एकदा दिलेला वाटा परत घेत नाहीत. मग मालवणची गाडी लागली तेव्हा उठता उठता त्यांनी मला तो प्रश्न विचारला, ज्याचा मी इतक्या वर्षांत एकदाही विचार केला नव्हता.

"कसो होतो?"

तो शेवट कसा होता. त्यांना तो आठवत नव्हता. माझ्या शब्दावर त्यांनी तो बोटांतून इतका नीट घालवून टाकला होता की त्याचा मागमूस उरला नव्हता. जगात तो ऐकलेली दोन माणसं होती. मावशींनी दारातून अर्धवट, नारळ सोलता सोलता. आणि मी.

मी सांगायचा प्रयत्न केला. मध्ये जागा सोडली होती, म्हटलं. किती? दोरी खांदा बदलते तेवढी. मग एक लहान सूर. खालच्या तारेवर की वरच्या? मला माहीत नाही. तो आधीच्या सुराच्या वर होता की खाली? मला सांगता येईना. गुणगुणून दाखव, ते म्हणाले. मी भर गाडीत गुणगुणले. ते काहीच नव्हतं. मी त्याच्याबद्दल पानभर लिहू शकले असते, आत्ता लिहिलंच आहे, पण तो एक सूर मला दाखवता आला नाही.

त्यानंतरचे सोमवार मी विसरू शकत नाही. ते मला कधी दोष देऊन बोलले नाहीत. साडेतीनला पेटी चालू करायचे आणि एक शेवट वाजवायचे. "असो होतो?" मग दुसरा. "का असो?" आता त्यांचे डोळे पूर्ण वेळ माझ्या चेहऱ्यावर असायचे. मान खाली घालणं त्यांनी सोडलं होतं. बोटं अडकली की उजव्या हाताने ती सोडवून परत तारेवर ठेवायचे. मी कान देऊन ऐकायची. सुरुवातीला काही शेवट नक्की तो नव्हे असं मला सांगता यायचं. पण दहा-बारा सोमवारांत मी इतके शेवट ऐकले की माझ्या डोक्यातला तो लहान सूर त्यांच्यात मिसळून गेला. माझ्या हातांवर काटा आला होता एवढंच उरलं.

एका सोमवारी त्यांनी एकच शेवट वाजवला. हळू, कारण बोटं हळूच चालत होती. दोन्ही ओळी आल्या, जागा सोडली, आणि एक सूर. बरा होता. कदाचित चांगला होता. कदाचित तोच असेल. त्यांनी हात तारांवर ठेवून आवाज बंद केला. ते थकलेले दिसत होते, आणि चेहऱ्यावर मी पूर्वी बघितली नव्हती अशी एक आर्जवाची छटा होती.

"ह्योच मा?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या मागे दारात मावशी उभ्या होत्या. हातात कोयती तशीच. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. हो म्हण.

मला ते दिसलं. तरी मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला आता आठवत नाही."

खोटं बोलून काय झालं ते मी बघितलं होतं. पुन्हा बोलायचं नाही, असं मी कुडाळच्या स्टँडवर ठरवलं होतं, आणि ते मला फार मोठं वाटत होतं. मावशी वळून घरात गेल्या. घरमालकांनी पेटीचं बटण बंद केलं. फडकं घेऊन सहाही तारा एकेक करून पुसल्या, वरपासून खालपर्यंत, रोजच्यासारख्या. गिटार भिंतीवर लावली. मग माझ्या खुर्चीजवळून जाताना थांबले.

"खरा सांगलंस, बरा केलंस बाय," ते म्हणाले. "पण आज खोटा चलला आसता."